इंजेक्शन चालू असताना वाढलेलं वजन

वाचकाचा प्रश्न

इंदूरच्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

ताईंचे यजमान ६८ वर्षांचे, नोकरीतून निवृत्त. दीड वर्षापूर्वी त्यांना प्रोस्टेट या ग्रंथीचा कॅन्सर असल्याचं कळलं. आजार ग्रंथीच्या आसपासच होता, हाडांपर्यंत गेलेला नव्हता. रेडिएशन झालं. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन अजून चालू आहे. पीएसए, म्हणजे या आजारावर नजर ठेवायचा रक्तातला आकडा, अगदी खाली आला आहे, डॉक्टर समाधानी आहेत. पण या दीड वर्षात वजन ७३ किलोंवरून ८१ वर गेलं. उंची ५ फूट ६ इंच, कंबर ४० इंच. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे ताईंचे मोठे दीर, याच आजारानं गेले. शेवटच्या महिन्यांत त्यांचा नुसता सापळा उरला होता. म्हणून जाऊबाई डिंकाचे लाडू घेऊन येतात आणि म्हणतात, "भाऊजींनी अंग धरलंय, दृष्ट काढा. अंगावर मांस आहे तोवर माणूस आपला." पुण्यातला मुलगा उलट टोकाला. सकाळी भाज्यांचा रस, दिवसातून एकदाच जेवण, साखर, गहू, दूध बंद. कॅन्सरला उपाशी मारायचं, असं त्याचं म्हणणं. यजमान स्वतः काहीच बोलत नाहीत, दिवसभर खुर्चीत बसून असतात.

ताई विचारतात: "वजन उतरवलं तर ताकद जाईल, नाही उतरवलं तर आजार उलटेल. मी ताटात वाढू तरी काय? आणि इतकी वर्षं मी यांना तूप वाढत आले, हे माझ्यामुळे तर नाही ना झालं?"

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो सल मनात असताना बाकीचं वाचून काही उपयोग नाही. तुमच्या तुपामुळे कॅन्सर झाला असं कोणीही म्हणू शकत नाही. वय, घराण्यातला आजार, शरीरातले हार्मोन अशा कितीतरी गोष्टी त्यामागे असतात, आणि सख्ख्या भावालाही हाच आजार होता हे तुम्हीच लिहिलं आहे. वाढलेल्या आठ किलोंचं म्हणाल, तर तेही तुमच्या एकटीच्या स्वयंपाकघरातून आलेले नाहीत. त्यात त्या इंजेक्शनचा वाटा आहे, आणि दिवसभराच्या बसण्याचा आहे.

हे इंजेक्शन नेमकं काय करतं ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. ते कमी केलं की आजार मागे हटतो हे चार्ल्स हगिन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९४१ साली दाखवलं आणि १९६६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजची इंजेक्शनं त्याच तत्त्वावर चालतात. यजमानांचा पीएसए खाली आला तो त्यामुळेच. पण हेच हार्मोन पुरुषाचे स्नायू टिकवतं, चरबी आवरून धरतं, हाडं मजबूत ठेवतं. ते काढून घेतलं की या तिन्ही गोष्टींना धक्का बसतो. अमेरिकेतला २००२ सालचा एक अभ्यास यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. असं इंजेक्शन ४८ आठवडे घेतलेल्या पुरुषांचं वजन सरासरी २.४ टक्केच वाढलं, पण शरीरातली चरबी ९.४ टक्क्यांनी वाढली आणि चरबी सोडून उरलेलं वजन, ज्यात मोठा भाग स्नायूंचा असतो, २.७ टक्क्यांनी घटलं.

आता हे तुमच्या घरी लावून बघा. काटा आठ किलोंची वाढ दाखवतो. प्रत्यक्षात चरबी आठ किलोंहून जास्त वाढली असेल आणि स्नायू कमी झाले असतील, अशीच शक्यता अधिक. यजमानांचे दंड आणि मांड्या जरा निरखून बघा. पोट पुढे आलंय, पण दंड सैल पडलेत का? पँट कमरेत घट्ट आणि मांडीत ढगळ होतेय का? खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो का? जाऊबाईंना जे अंगावरचं मांस दिसतंय ते बरंचसं पोटावर साठलेलं आहे. ज्या मांसाच्या जोरावर माणूस जिना चढतो, तोल सावरतो, ते घटलंय.

म्हणूनच "वजन उतरवू की नको" हा तुमचा प्रश्न मला थोडा बदलावासा वाटतो. स्नायू कसे राखायचे आणि पोट सावकाश कसं कमी करायचं, असं विचारू या. मग ताकद एकीकडे आणि वजन दुसरीकडे अशी ओढाताण उरत नाही.

जाऊबाईंचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. प्रोस्टेटचा आजार हाडांत आणि इतरत्र पसरतो, पुढच्या पायरीवर जातो, तेव्हा शरीर आतून झिजायला लागतं. भूक मरते, स्नायू वितळतात, आणि नुसतं खाऊ घालून ते पूर्ण भरून येत नाही. पसरलेल्या आजाराच्या काही अभ्यासांत तर जास्त वजनाचे पुरुष बारीक पुरुषांपेक्षा थोडे अधिक जगलेले दिसतात. चरबीनं त्यांना वाचवलं असा अर्थ यातून लगेच काढता येत नाही. बारीक असलेल्यांत बरेच जण आजारानंच बारीक झालेले असणार, हेही त्यामागचं एक कारण आहे. मोठ्या दिरांचं वजन गेलं म्हणून आजार बळावला असं घडलेलं नाही. आजार बळावला म्हणून वजन गेलं. तुमच्या यजमानांचा आजार त्या पायरीवर नाही. एका भावाच्या शेवटच्या महिन्यांवरून दुसऱ्या भावाचं ताट ठरवायचं, ही यातली चूक आहे. ती प्रेमापोटी होते, म्हणून तर सांगणं अवघड जातं.

डॉक्टरांनी घाईत सांगितलेल्या त्या दोन शब्दांमागे काय आहे तेही सांगते. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये वजन आणि आयुष्य यांचा संबंध अनेक देशांत तपासला गेला आहे. २०११ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, पाच अंकांनी वाढला की या कॅन्सरनं मृत्यू होण्याचा धोका १५ ते २० टक्क्यांनी जास्त दिसला. २०२० साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या संशोधकांनी आजार न पसरलेल्या पुरुषांचं निदानानंतरचं वजन पाहिलं. ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, त्यांच्यात या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वजन स्थिर राहिलेल्यांच्या दीडपटीहून अधिक होतं. तुमच्या यजमानांची वाढ अकरा टक्क्यांच्या घरात आहे, म्हणून डॉक्टरांचं म्हणणं मनावर घ्यायलाच हवं.

पण हे आकडे वाचून घाबरू नका. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. वजन आणि धोका हातात हात घालून चालताना दिसतात, एकामुळेच दुसरं घडतं हे त्यातून सिद्ध होत नाही. वजन उतरवल्यानं प्रोस्टेटच्या रुग्णाचं आयुष्य अमुक वर्षांनी वाढतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसा पुरावा नाही. त्या २०२० च्या अभ्यासातही वजन घटलेल्यांना कॅन्सरच्या बाबतीत वेगळा फायदा झालेला दिसला नव्हता. तरीही वजन आवरा असं मी ठामपणे म्हणते, त्याचं कारण हृदय आणि साखर. आजार ग्रंथीपुरताच असलेले कितीतरी पुरुष पुढे प्रोस्टेटनं जात नाहीत, हृदयविकारानं जातात. त्यात ही इंजेक्शनं घेणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या वयस्कर रुग्णांच्या २००६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात तो ४४ टक्क्यांनी जास्त आढळला होता. यजमानांचा बीएमआय आता जवळपास २९ आहे. आपल्या भारतीय शरीरांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या, आत असावी म्हणतात. ४० इंच कंबर ही काळजीची गोष्ट आहे, कॅन्सर नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

आता चिरंजीवांकडे येऊ. त्याची तळमळ दिसते आहे, पण त्याचा बेत यजमानांसाठी मला धोक्याचा वाटतो. साखर खाल्ली नाही म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही. तुम्ही काही खाल्लं नाहीत तरी यकृत रक्तातली साखर टिकवून धरतं, आणि उपास लांबला की त्यासाठी स्नायूच मोडायला काढतं. ज्याचे स्नायू आधीच औषधानं घटताहेत त्याला रसावर ठेवायचं, म्हणजे काटा खाली जाईल आणि माणूस आणखी खचेल. भाज्यांच्या रसाबद्दलही एक गोष्ट त्याला सांगा. सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या ४७८ पुरुषांवर दोन वर्षं चाललेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. भरपूर भाज्या खाण्यानं आजाराची वाढ मंदावली नाही. भाज्या जरूर खाव्यात, पोटासाठी, हृदयासाठी, साखरेसाठी, आणि त्या चावून खाव्यात. आणखी एक: घरात 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या असतील तर त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवर झालेल्या प्रयोगात त्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळण्याऐवजी १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे २०११ साली जाहीर झालं, तरी आपल्याकडे 'ताकदीची गोळी' म्हणून ती अजून दिली जाते.

मुलाच्या बेतातला एक धागा मात्र उचलण्यासारखा आहे: साखर कमी करणं. कॅन्सरसाठी म्हणून नव्हे, वजनासाठी आणि मधुमेह टाळण्यासाठी.

मग ताटात काय वाढायचं? इंदूरच्या घरात राहून पोहे बंद करा असं मी सांगणार नाही, ते जमणारही नाही. रविवारचे पोहे राहू देत, जिलबी जाऊ दे. शेव मूठभरऐवजी चिमूटभर, वरून जिरावन मसाला हवा तेवढा. नुसत्या पोह्यांपेक्षा उसळ-पोहे कधीही चांगले, आणि घरी करताना उसळ जास्त, पोहे कमी असं माप ठेवा. दाल-बाफल्यांच्या दिवशी दाल दोन वाट्या, बाफला एक, आणि तो तुपात बुडवून न काढता वरून चमचाभर तूप. थंडीत गराडूचा कंद आला की तो तळण्याऐवजी थोड्या तेलात परतून बघा. सराफ्यातल्या खाऊगल्लीची रात्रीची फेरी आठवड्यावरून महिन्यावर न्या. तूप पूर्ण बंद करू नका, दिवसाला दोन लहान चमचे पुरे. तुमच्या हाताची चव त्यांच्या आयुष्यातून काढून घेणं हे मला औषध वाटत नाही.

खरी भर घालायची ती प्रथिनांची. शाकाहारी मराठी घरांत वयस्कर माणसाचं जेवण हळूहळू वरण-भात, पोळी-भाजी आणि चहा-बिस्किटांवर येऊन थांबतं, त्यात प्रथिनं फार कमी पडतात. यजमानांना दिवसाला साधारण ७५ ते ८५ ग्रॅम मिळावीत असं बघा. मूत्रपिंडाची तक्रार असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे माप डॉक्टरांना विचारून ठरवायचं. एक वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पेलाभर दुधात सहा-सात, अंडं खात असतील तर एका अंड्यात सहा. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंधरा. तिन्ही वेळच्या खाण्यात यांतलं काहीतरी असावं, सगळं रात्रीच्या जेवणावर ढकलू नका. म्हणजे नाश्त्याला मूगडाळीचं धिरडं किंवा उसळ, दुपारी वरण आणि दही, चारला बिस्किटांच्या जागी भाजलेले चणे, रात्री पनीर किंवा सोयाबीनची भाजी आणि दोनच पोळ्या. जाऊबाईंच्या लाडवाचंही बघू. रोज दोन खात असतील तर आठवड्यात एक करा, आणि तो त्यांच्यासमोर खाऊ द्या.

नुसत्या खाण्यानं स्नायू राहत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. इंजेक्शन चालू असतानाही वजन उचलण्याचे, ताण देण्याचे व्यायाम केले तर पुरुषांची ताकद वाढते आणि थकवा कमी होतो, हे अनेक नीट केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. या गोष्टीवर माझा फार विश्वास आहे. चालणं हवंच, पण एकटं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरीच सुरुवात करा: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं पुढे-मागे होणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करणं, आधार धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं आणि टाचा परत टेकणं. पहिले पंधरा दिवस थोडंच, मग वाढवत न्या. जोडीला रोज अर्धा तास असं चालणं की बोलता येईल पण गाता येणार नाही. इंदुरात नेहरू पार्क आहे, मेघदूत उपवन आहे, घराजवळ कुठलीही बाग असेलच. उन्हाळ्यात पहाटे जा. सुरू करण्याआधी डॉक्टरांना हाडांबद्दल जरूर विचारा. ही इंजेक्शनं हाडं विरळ करतात, म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झालेली असावी. हाडं फार विरळ असतील तर कमरेतून पुढे वाकण्याची आसनं, पीळ देणं, जड उचलणं टाळायचं.

यजमान गप्प बसतात, हे पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. टेस्टोस्टेरॉन गेलं की अंगात वाफा येतात, घाम फुटतो, रात्रीची झोप तुटते, मन उदास राहतं, पतिपत्नींमधली जवळीक आटते, कधी स्तन वाढल्यासारखे दिसतात. आपल्या पिढीतला पुरुष यातलं काही बोलून दाखवत नाही. तो समारंभांना जाणं सोडतो, खुर्ची धरतो आणि समोर येईल ते खातो. याला आळस समजू नका. हे औषधाचे परिणाम आहेत आणि बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत, हे त्यांना डॉक्टरांकडून ऐकू द्या. ताटातला बदलही त्यांना विचारून करा. सध्या जाऊ, मुलगा, डॉक्टर आणि तुम्ही, चौघं मिळून त्यांच्या शरीराचा निर्णय घेताय. त्यांना काय सोडवत नाही, काय चालेल, हे आधी त्यांनाच बोलू द्या.

वजन किती आणि कसं उतरावं? सहा महिन्यांत चार किलो पुरेत, महिन्याला एक किलोच्या आत. आठवड्यातून एकदा, सकाळी, नाश्त्याआधी वजन घ्या आणि वहीत लिहा. पंधरा दिवसांनी बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. महिन्यातून एकदा, अर्ध्या मिनिटात हात न टेकता ते खुर्चीतून किती वेळा उठतात ते मोजा. कंबर उतरतेय आणि उठण्याचा आकडा टिकलाय किंवा वाढलाय, तर तुमचं बरोबर चाललंय. वजन उतरतंय पण उठणंही कमी होतंय, तर थांबा, प्रथिनं आणि व्यायाम तपासा.

इथे एक गोष्ट तुम्हाला आणि हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक घराला सांगते. ठरवून, खाण्यात बदल करून उतरलेले चार किलो वेगळे आणि काही न करता उतरलेले चार किलो वेगळे. भूक मेली, कपडे ढगळ झाले आणि सहा महिन्यांत पाच टक्के वजन आपोआप गेलं, तर आनंद मानू नका, पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. पाठीत नवं दुखणं, विशेषतः रात्री वाढणारं, दिसलं तरीही. त्यासोबत पायांत कमजोरी, बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कारण मणक्यातल्या नसांवर दाब येत असू शकतो.

ज्यांच्या घरी आजार पसरलेला आहे, त्यांनी वरचा वजन उतरवण्याचा भाग आपल्याला लावू नये. तिथे वजन आणि ताकद टिकवणं हेच काम असतं. भूक कमी असेल तर थोडं थोडं, पाच-सहा वेळा, प्रथिनांचं खाणं द्यावं, आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारूनच. ज्यांचं फक्त ऑपरेशन झालंय, हार्मोनचं इंजेक्शन नाही, त्यांचे स्नायू असे औषधानं घटत नाहीत, त्यांना हे सगळं बरंच सोपं जाईल. आणि जाडजूड पुरुषांनी, ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, इतकं लक्षात ठेवावं की मोठ्या शरीरात रक्ताचं प्रमाण जास्त असल्यानं पीएसएचा आकडा थोडा कमी दिसू शकतो. लघवीची तक्रार असेल तर 'आकडा बरा आहे' एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना तपासू द्या.

ताई, पुढच्या इंजेक्शनला जाताना ती वही सोबत न्या आणि डॉक्टरांना बसवून विचारा: इंजेक्शन अजून किती महिने आहे, तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि डेक्सा कधी झालं होतं, कोणता व्यायाम चालेल, आणि आहारतज्ज्ञाकडे पाठवता येईल का. त्या वेळी मुलाला फोनवर घ्या आणि जाऊबाईंना सोबत न्या. वजनाबद्दल काय करायचं ते दोघांनी एकाच वेळी, एकाच तोंडून ऐकलेलं बरं. आणि शक्य झालं तर संध्याकाळी यजमानांना फिरायला न्यायचं काम जाऊबाईंवर सोपवा.